खिडकीकडची खाली ठेव

बायको गेली अन् मी आतल्या खोलीत झोपणं सोडून दिलं. कोणी विचारलं त सांगायचो, भिंतीले ओल आहे. ओल होतीच, त्यात खोटं काही नव्हतं. शेजाऱ्याची मोरी आमच्या भिंतीले लागून. त्या भिंतीवर माणसाच्या उंचीएवढा डाग, अन् रोज सकाळी चुन्याचे पोपडे फरशीवर पीठ सांडल्यासारखे पडून राहायचे. पण ती मोरी अन् ती ओल मी रायपूरच्या या ब्राह्मणपाऱ्यात राहायले आलो तेव्हापासूनची. त्या ओलीतच आमचा संसार झाला, पोरगा-पोरगी मोठी झाली. बायको होती तोवर ओलीची तक्रार कोणी केली नाही.

मी बाहेरच्या खोलीत तखतावर झोपायचो. रस्त्यावरची कुत्री, मच्छर, पहाटे नळावर बायांचं भांडण, सगळं उशाशी. झोप लागली काय अन् नाही लागली काय, मी कोणाले सांगायले गेलो नाही. पण पोराच्या ध्यानात आलं.

पोरगा सरकारी ऑफिसात आहे. रायपूर राजधानी झालं तशी नवी नवी दफ्तरं उघडली, त्यातल्या एकात तो लागला अन् बायकोले घेऊन शंकर नगरात राहायले गेला. गाव तेच, पण राजधानी झाल्यापासून सगळ्यायची चाल बदलली. भाजीवालीले दोन काड्या कोथिंबीर वरून मागितली त म्हणते, "अब राजधानी है बाबूजी, फोकट का धनिया बंद." पोराचंही तसंच. रविवारी फटफटीवर येतो, घरभर फिरतो अन् साहेब तपासणीले आल्यासारखा बोलतो. मी मराठीत बोलतो, तो हिंदीत उत्तर देतो. भांडायले काही अडत नाही.

त्या रविवारी त्यानं आतल्या खोलीचं दार उघडलं, डागाकडे पाहिलं अन् माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, यहाँ सोते क्यों नहीं आप?"

"ओल आहे ना."

"ओल ठीक करा दें, तो सोओगे?"

"झोपीन ना. काहून नाही झोपीन?"

"और उसके बाद भी बाहर ही सोए तो?"

"मग तू म्हणशील तसं."

"तो शंकर नगर. सामान समेत. बाद में नाटक नहीं चलेगा."

त्याच्यासंगं आलेली सूनबाई चहा घेऊन दारातच उभी होती. ती म्हणते, "बाबूजी, मी साक्षी आहे हां."

झालं. माझ्या तोंडानं मी माझी मान अडकवून घेतली.

शंकर नगर काही वाईट नाही. पण बायको गेल्यावर मी तिथं काही दिवस राहून पाहिलं होतं. दुसऱ्या माळ्यावर घर. खाली गेटवर एक चौकीदार, तो मले रोज विचारायचा, "किससे मिलना है?" मी म्हणायचो, बाबा रे, मी इथंच राहून राहिलो, सकाळी तुझ्यासमोरूनच त गेलो. तो मान हलवायचा अन् दुसऱ्या दिवशी परत विचारायचा. बागेत म्हातारे भेटायचे, त्यायचा पहिला प्रश्न, कोणत्या पोस्टवरून रिटायर झाले? मी सांगायचो, रेल्वेत फिटर होतो. मग ते दुसऱ्या म्हाताऱ्याकडे वळायचे. हे सगळं मी खपवून घेतलं असतं. पण तिथं माझ्या बायकोले कोणी ओळखत नव्हतं. ब्राह्मणपाऱ्यात ओट्यावर बसलो का कोणी ना कोणी तिची गोष्ट काढतेच, काकी असती त असं म्हणली असती, काकी असती त तुम्हाले झाडलं असतं. शंकर नगरात ती गेलेलीसुद्धा नव्हती. जी तिथं कधी आलीच नाही, ती जाईन कुठून?

म्हणून मले हे घर सोडायचं नव्हतं. अन् ते सोडायचं नसन त आतल्या खोलीत झोपणं भाग होतं. अन् ते माझ्यानं होणार नाही, हे मले चांगलं माहीत होतं. भिंत कोरडी खणखणीत झाली तरी होणार नाही. पण आता शब्द दिला होता, अन् साक्षीदारही हजर होता.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या अन् पोरीले नागपूरहून बोलावलं. ती आली, संगं जवाई आले. जवाई माणूस सोन्यासारखा, पण त्यायनं नागपूरले स्वतःचं स्लॅबचं घर बांधलं आहे. तेव्हापासून त्यायले वाटते, जगात जे काही बिघडलं आहे ते सिमेंटनं दुरुस्त होते. आल्या आल्या भिंतीले टिचकी मारून म्हणाले, "मामाजी, मातीची भिंत आहे, हिच्यात दम नाही."

मी म्हणलं, "जवाईबुवा, तुमच्या आज्याच्या वयाची आहे. अजून उभी आहे."

यापेक्षा जास्त मी बोलू शकत नव्हतो. आमच्यात जवायाले उलटं बोलत नाहीत. पोराले शिव्या घाला, पोरीले रागवा, पण जवाई आला का त्याच्या ताटात पहिली पोळी अन् त्याच्या पुढे मुकाट तोंड. ही रीत कोणी काढली मले माहीत नाही, पण ज्यानं काढली त्याच्या घरी जवायानं हातात हातोडा घेतला नसन.

पहिल्या दिवशी भिंती खरवडल्या. सगळे तोंडाले फडकी बांधून भिडले. आमच्या घराले दर दिवाळीले रंग व्हायचा अन् रंग बायको ठरवायची. मी कधी जुना खरवडून नवा दिला नाही, एकावर एक देत गेलो. म्हणून पोपडा निघाला का त्याच्याखाली दुसरा रंग, त्याच्याखाली तिसरा.

"भैया, हा गुलाबी पाह्य! मी दहावीत होती तेव्हाचा!"

"नहीं रे, गुलाबी उसके पहले का है. दसवीं में तू पोपटी रंग में बैठ के फेल हुई थी."

"मी फेल नव्हती झाली! सप्लिमेंटरी होती ती!"

"एक ही बात है."

पोरीनं ओला चुना भावाच्या पाठीवर फेकला. एवढी मोठी पोरं, एकाचं टक्कल पडून राहिलं, दुसरीच्या गुडघ्यात कळ येते, अन् खोलीभर एकमेकांच्या मागं पळून राहिले. जवाई सिमेंटच्या पोत्यावर बसून म्हणतात, "हे काम आहे का सर्कस?" मले बरं वाटलं. त्या खोलीत एवढा आवाज किती दिवसांनी झाला होता.

मी शिडीवर होतो. या वयात शिडीवर चढू नका म्हणून सगळे ओरडले, पण मयालीले वाळवी लागली का नाही हे मलेच पाहायचं होतं. आमच्या या खोलीले वर कवेलूचं छप्पर अन् त्याच्याखाली लाकडाच्या मयाली, म्हणजे तुळया आहेत. मी एकेक मयाल ठोकून पाहत होतो. मयाली धड निघाल्या. खाली पलंगाचे पाय मात्र वाळवीनं पार पोखरले होते, म्हणून पलंग खोलायचा ठरला.

आता सूनबाईबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं समजन. सूनबाई अभनपूरची, घरी हिंदी अन् छत्तीसगढी बोलणारी. लग्न झालं तसं तिनं मनावर घेतलं का सासरची भाषा शिकायची. पहिल्याच महिन्यात ती माझ्या बायकोले म्हणाली, "आई, मी मराठी बोलायची चेष्टा करते." हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. बायकोले कुठं ते माहीत! ती दोन दिवस तोंड फुगवून बसली, का ही माझ्या बोलण्याची टिंगल करते म्हणून. कळलं तेव्हा इतकी हसली का भाजी करपली. तेव्हापासून आमच्या घरात कोणी काही करायले गेलं का म्हणायचे, करू दे, चेष्टा करून राहिला. सूनबाई हटली नाही. मले बजावून ठेवलं आहे, "बाबूजी, माझ्याशी मराठीच बोला." म्हणून मी तिच्याशी मराठीच बोलतो.

तर मी शिडीवर, तोंड वर, मयाल ठोकून राहिलो होतो. खाली पलंगावर दोन गाद्या, भिंतीकडची माझी, खिडकीकडची बायकोची. ती गेल्यापासून दोन्ही तशाच अंथरलेल्या. सूनबाईनं माझी गादी उचलून फरशीवर ठेवली, मग बायकोच्या गादीले हात लावला अन् थांबली.

"बाबूजी, ये वाली?"

मी वरून न पाहता म्हणलं, "खिडकीकडची खाली ठेव."

बस, एवढंच. मी मराठीत म्हणलं अन् तिनं हिंदीत ऐकलं. मी म्हणलं, खिडकीकडची गादी खाली जमिनीवर ठेव. तिनं ऐकलं, खिडकीकडची बाजू खाली ठेव, म्हणजे रिकामी ठेव. तिथं काही ठेवू नको.

तिनं हळूच "हव बाबूजी" म्हणलं. मले वाटलं पोरगी थकली, आवाज बसला. तिनं बाहेर जाऊन नवऱ्याले सांगतलं, नवऱ्यानं बहिणीले, बहिणीनं जवायाले. माझी पोरगी नागपूरची मराठी बोलते, माझ्या तोंडून ऐकलं असतं त तिले बरोबर समजलं असतं. पण तिच्यापर्यंत गोष्ट अशी पोचली का बाबा म्हणून राहिले, आईची बाजू तशीच मोकळी राहू द्या.

मले यातलं काहीच माहीत नाही. मले फक्त एवढं दिसलं का सगळे एकदम माझ्याशी गोड वागायले लागले. पोरानं, जो मले नमस्कार करायचा त पाठीवर हात ठेवून "और बाबा" म्हणतो, त्यानं जेवण झाल्यावर माझे पाय चेपले. पोरीनं न मागता दुसऱ्यांदा चहा दिला, तोही साखरेचा. जवाई म्हणाले, "मामाजी, तुमचं मन लय मोठं आहे." मले वाटलं, या वयात शिडीवर चढलो त्याचं कौतुक चाललं. मी म्हणलं, "त्यात काय, सवयीचं काम आहे." तसं पोरीनं पदरानं डोळे पुसले. मी मनात म्हणलं, चुन्याची धूळ गेली असन.

धुळीनं मले खोकला धरला. सूनबाईनं बापाले फोन केला अन् मले अभनपूरच्या बशीत बसवून दिलं, का काम होईतो व्याह्याकडे राहा. व्याही धानाचा व्यापारी, जेवू घालण्यात कच्चा नाही. तांदळाच्या पिठाचे चीले अन् टमाट्याची चटणी इतकी खाल्ली का खोकला आपोआप दबला. मी निघालो तेव्हा व्याह्यानं विचारलं, "समधीजी, कमरा बन गया, तो अब वहीं सोएँगे?" म्हणजे माझी शर्त अभनपूरपर्यंत पोचली होती. मी म्हणलं, पाहू. बशीत बसून रायपूरले परत येताना माझं पोट भरलं होतं पण जीव धाकात होता. खोली तयार असन. आज रात्री सगळे पाहतीन, म्हातारा कुठं झोपते.

घरी आलो त सगळे दारातच उभे, वरातीची वाट पाहत असल्यासारखे. पोरीनं माझा हात धरून आत नेलं.

खोली झाली होती देखणी. भिंतींले छुहीच्या पांढऱ्या मातीचा हात, खाली पोपटी पट्टा. मोरीकडची भिंत जवायानं सिमेंट लावून अशी गुळगुळीत केली होती का डाग कुठं होता ते शोधावं लागे. फरशी चमकत होती. पलंगाच्या चांगल्या फळ्या काढून त्यायनं एक माणूस झोपीन एवढा दिवाण बनवला होता, तो मोरीकडच्या भिंतीले सारून ठेवला होता.

अन् अंगणाकडची भिंत, जी या खोलीत एकच भिंत कधी ओलावली नाही, जिले कधी तडा गेला नाही, त्या भिंतीत म्हैस मुंडकं घालीन एवढं भोक. त्या भोकात नवा कुलर, अन् त्याच्या कडेनं अजून माणूस डोकावीन एवढी फट.

अन् खिडकीपाशी काहीच नाही. अर्धी खोली मैदान. तिथं चटई नाही, खुर्ची नाही, तांब्या नाही. वर सगळे त्या जागेले वळसा घालून, भिंतीले चिकटून चालून राहिले होते. जवाई, चांगला धिप्पाड माणूस, पोट आत ओढून कडेनं सरकत आले.

मी भोकाकडे बोट केलं. "हे कोणी पाडलं?"

सगळ्यायनं जवायाकडे पाहिलं. माझ्या तोंडात आलेलं मी गिळलं. पोरानं पाडलं असतं त अंगणापर्यंत ऐकू गेलं असतं, आता त भोकातून अजून लांब गेलं असतं.

"जवाईबुवा," मी म्हणलं, "सुंदर झालं. पण काहून झालं?"

"कुलर ठेवायले, मामाजी. दीड हात जाड भिंत आहे. दोन दिवस फोडून राहिलो होतो, पाहा हाताले फोड."

"अन् ही खिडकी कशासाठी आहे? कुलर खिडकीत बसत नाही काय?"

पोरगी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्हीच त म्हणलं ना. खिडकीकडची बाजू आईची. खाली ठेवायची."

"मी म्हणलं? कोणाले म्हणलं?"

"मला बोलले ना, बाबूजी," सूनबाई पुढे आली. "आप सीढ़ी पे थे. मी गादीला हात लावला, तो आप बोले, खिडकीकडची खाली ठेव."

"हो, म्हणलं. मग?"

"मग खाली ठेवली."

"कुठं ठेवली?"

"वहीं तो. पूरी खाली है, देखिए."

मी मैदानाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. अन् माझ्या डोक्यात उजेड पडला.

"अवो, खाली! खाली म्हणजे खाली!" मी फरशीवर पाय आपटला. "खाली, जमिनीवर! गादी जमिनीवर ठेव म्हणलं होतं मी, गादी!"

पहिले पोरीले समजलं. ती जिथं उभी होती तिथंच भिंतीले टेकून खाली बसली अन् पोट धरून हसायले लागली. पोराले थोडा वेळ लागला. सूनबाईनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. जवाई कुलरवर हात ठेवून उभे.

"म्हणजे मामाजी, भिंत फोडायची गरजच नव्हती?"

"नव्हती."

"बिलकुल नव्हती?"

"जवाईबुवा, तुमच्यावाचून हे काम दुसऱ्या कोणाकडून झालं नसतं, एवढं मात्र खरं."

सूनबाई रडू का हसू असं करून राहिली होती. "मैंने सबको दो दिन रुलाया, बाबूजी. दीदी त जेवली पण नाही त्या दिवशी."

"और मैंने तो ऑफिस में बता दिया," पोरगा म्हणाला. "कि हमारे बाबा माँ की जगह आज भी खाली रखते हैं. बड़े साहब की आँख में पानी आ गया था. अब उनको क्या बोलूँ?"

"सांग, बापाले गादी म्हणायचं होतं."

मग त हसण्याले धरबंध राहिला नाही. शेजारची बाई अंगणाकडून भोकातल्या फटीतून डोकावून विचारायले लागली, का झालं काय तुमच्या घरी. तिले सांगतलं त ती तिकडे हसत बसली.

हसणं ओसरलं तसे पोरानं डोळे पुसले. मोकळ्या जागेकडे पाहत म्हणाला, "लेकिन बाबा, आपको चाहिए क्या? ये जगह रखनी है खाली, कि नहीं?"

बायको गेल्यापासून मले पुष्कळ जणांनी पुष्कळ सांगतलं. देवाचं नाव घ्या म्हणलं, पोराकडे जा म्हणलं, हिंडा-फिरा म्हणलं. तुम्हाले काय पाहिजे, असं कोणी विचारलं नव्हतं. अन् मीही कोणाले सांगतलं नव्हतं. आता सगळे पाहत होते. मले गोल गोल बोलता येत नाही. जे होतं ते सांगून टाकलं.

"मी ओलीमुळं बाहेर नाही झोपत," मी म्हणलं. "ओल त पहिल्यापासून आहे. ती बाजू खाली आहे म्हणून नाही झोपत. आडवा झालो का हात तिकडे जाते. जाऊन गादीवर पडते. मग उठून बाहेर जातो. आता तुम्ही त तेवढ्या जागेची अर्धी खोली करून ठेवली. मी इथं कसा झोपू, सांगा?"

 पोरानं खाली पाहिलं. त्याच्या मनात शंकर नगर आलं, हे मले दिसलं. माझ्याही मनात आलं. शब्द दिला होता, मोडता येत नव्हता. सामान बांधावं लागलं असतं, अन् त्या चौकीदाराले रोज सांगावं लागलं असतं का मी इथलाच आहे.

मी त्या मोकळ्या जागेत जाऊन उभा राहिलो. दोन दिवसांत तिथं पहिला पाय माझाच पडला. खिडकीच्या गजाले हात लावला. एवढी वर्षं या खोलीत काढली, पण मी कधी या बाजूनं झोपलो नव्हतो. माझ्या बाजूनं मले भिंत दिसायची अन् बायकोची पाठ. इथून सगळी गल्ली दिसत होती. नळ दिसत होता, समोरचा ओटा, देवळाच्या पायऱ्या. मले नेहमी नवल वाटायचं, ही अंथरुणात पडल्या पडल्या सांगते कशी का अमका आज उशिरा आला, तमकीची भांडणं अजून मिटली नाहीत. इथून दिसत होतं तिले सगळं, आयतं.

"दिवाण उचला," मी म्हणलं.

"कुठं ठेवायचा?" पोरीनं विचारलं.

"इथं. खिडकीले लावून."

"आईच्या जागेवर?"

"हो. मी झोपतो इथं. मी नाही झोपणार त काय शेजारी येऊन झोपीन?"

पोरगी पुन्हा रडणार होती, पण भोकातून शेजारीण म्हणाली, "हमको मत फँसाओ काकाजी," अन् ती हसली. पोरानं एक बाजू धरली, जवायानं दुसरी. दिवाण करकरला, कारण त्याच्यात सिमेंट नव्हतं. मधोमध आले अन् सूनबाई एकदम गंभीर तोंड करून म्हणाली, "बाबूजी, एक बार पक्का करून घेते. दिवाण खाली ठेवायचा का?"

जवायाच्या हातून दिवाण सुटता सुटता राहिला.

भोकाचं काय करायचं हा प्रश्न उरला. जवाई म्हणाले, बुजवून देतो, अर्ध्या दिवसाचं काम. मी नको म्हणलं. त्यायच्या हाताले फोड आले होते, अन् एकदा त्यायनं सिमेंट काढलं असतं त कुठं थांबले असते कोणाले माहीत. शिवाय कुलर तिथं बसला म्हणून खिडकी उघडी राहिली. कुलर खिडकीत असता त गल्ली दिसली नसती. हे मी जवायाले मोठ्यानं सांगतलं, पोळी वाढता वाढता. ते इतके फुगले का त्यायनं दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दोन्ही गाद्यांचा कापूस पोरीनं पिंजून आणून एकच जाड गादी भरून घेतली होती. कोणता कापूस माझा अन् कोणता तिचा, ते आता कोणाच्या बापाले सांगता येणार नाही. जेवणं झाली अन् सगळे बाहेरच्या खोलीत अंथरुणं टाकायले लागले. माझ्या तखतावर जवाई आडवे झाले. खाली पोरगी, सूनबाई, दाराशी पोरगा. म्हणजे मले बाहेर पळायले जागाच ठेवली नव्हती. पोरगा बोट दाखवून म्हणाला, "शर्त याद है ना, बाबा?" मी म्हणलं, "तू घोरू नको म्हणजे झालं," अन् आत जाऊन दार लोटून घेतलं.

त्यापुढचं मी काही सांगू शकत नाही, कारण मले काही आठवत नाही. पडलो, गल्लीत कोण कोण अजून जागं आहे ते पाहून राहिलो होतो, अन् डोळा लागला.

जाग आली ती ऊन तोंडावर आलं तेव्हा. पाहतो त सूनबाई माझ्यावर वाकलेली, तिचं बोट माझ्या नाकाखाली, अन् दारात बाकीचे तिघं एकमेकांचे हात धरून उभे.

"चल रही है," सूनबाई त्यायले म्हणाली. "साँस चल रही है."

"कोणाची चालून राहिली?" मी म्हणलं.

ती किंचाळून मागं सरली. पोरगी म्हणाली, "बाबा! दूधवाला येऊन गेला, पेपरवाला येऊन गेला, नळ येऊन गेला! तुम्ही कधी एवढं झोपता? आमचा जीव गेला होता!"

"तुमचा गेला असन. माझा इथंच आहे."

पोरगा आत आला अन् दिवाणाच्या कडेवर बसला. रात्रभर दाराशी वाऱ्यात झोपून त्याचा गळा बसला होता. पहिले भिंतीकडे पाहिलं, मग कुलरकडे, मग खिडकीबाहेर. एवढा मोठा सरकारी माणूस, पण हरल्यावर त्याचं तोंड अजून शाळेतल्यासारखंच होते.

"तो मतलब..." तो म्हणाला.

"मतलब काही नाही. तू जा आपल्या शंकर नगरले, ऑफिसले उशीर होऊन राहिला. अन् जाताना ते दार लोटून घे."

"आप उठेंगे नहीं?"

"नाही," मी म्हणलं अन् खिडकीकडे कूस वळवली. "बरेच दिवसांची झोप राहिली आहे."